अंत्युखियाची वर्गणी आणि वेल्ह्याचं पाणी

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये ११:२७–३० आणि १३:१–३, २ करिंथ अध्याय ८ व ९



गेल्या आठवड्यात आपण करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायापर्यंत आलो होतो. आठवा आणि नववा अध्याय मी मुद्दाम एकत्र घेतोय. कारण दोन्हींचा विषय एकच आहे, पैसा. आणि आपल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये सध्या तोच विषय चालू आहे. नाताळ जवळ आला की तरुण संघाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "यंदा आउटरीच कुठे?" पुण्यातल्या मंडळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: भोर नाहीतर वेल्हे. कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूरचा टोल भरला, चेलाडी फाट्यावरून उजवीकडे नसरापूरला वळलं की पुढे तोरणा, राजगड आणि डोंगरातल्या वाड्या. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, हेही एक कारण आहेच, कशाला लपवा!

त्याच महिन्यात पाळकसाहेब 'मिशन संडे'ची पाकिटंही वाटतात. एक पाकीट इथल्या गरिबांसाठी, एक दूरच्या सेवाकार्यासाठी. मग कमिटीत वाद सुरू. घरचं आधी की बाहेरचं? पोटाचं आधी की सुवार्तेचं? हा वाद तुम्ही ऐकला नसेल तर तुम्ही कमिटीच्या मीटिंगला बसलेला नाहीत.

वचन काय सांगतं ते आधी बघू.

अंत्युखियाची मंडळी ही काही जुनी, श्रीमंत मंडळी नव्हती. स्तेफनाच्या मृत्यूनंतर यरुशलेमेहून पांगलेली माणसं तिथे पोहोचली, त्यांनी ग्रीक बोलणाऱ्यांनाही प्रभू येशूविषयी सांगितलं आणि त्यातून ती उभी राहिली. म्हणजे ही मंडळी स्वतःच दुसऱ्याच्या सेवाकार्याचं फळ. मग अगब नावाचा संदेष्टा येऊन सांगतो की मोठा दुष्काळ पडणार आहे. लूक लगेच जोडतो की तो क्लौद्य कैसराच्या काळात पडलाही. अंत्युखियाचे शिष्य काय करतात? प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या बांधवांसाठी काहीतरी पाठवायचं ठरवतो. ती मदत बर्णबा आणि शौल यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे जाते.

आता दोन पानं उलटा आणि तेराव्या अध्यायावर या. तीच मंडळी उपास आणि प्रार्थना करत असताना पवित्र आत्मा दोन माणसांना सुवार्तेच्या कामासाठी वेगळं करायला सांगतो. कोण दोघं? पुन्हा बर्णबा आणि शौल!

मी कॉलेजात असताना हे दोन्ही उतारे कित्येकदा वाचले होते, पण नावं जुळतात हे कधी लक्षात घेतलं नव्हतं. ज्या हातांनी दुष्काळाचे पैसे नेले, त्याच हातांवर मंडळीने नंतर हात ठेवले. अंत्युखियात 'चॅरिटी' आणि 'मिशन' अशी दोन डिपार्टमेंट्स नव्हती. आधी भाकरी पोहोचवण्यात विश्वासू ठरलेल्या माणसांनाच वचन घेऊन पाठवलं गेलं. आपल्याकडे उलटं होतं. भाषण चांगलं करणारा मिशनला जातो आणि गाडीत पोती चढवणारा आयुष्यभर पोतीच चढवत राहतो.

आता करिंथकडे. पौलाने यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी बऱ्याच मंडळ्यांमधून वर्गणी गोळा करायला घेतली होती. करिंथवाल्यांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने हो म्हटलं होतं, आणि मग गाडी अडकली. (प्लेज भरून दिलं, ट्रान्स्फर मात्र झालं नाही. ओळखीचं वाटतंय ना?) पौल त्यांना ओरडत नाही. तो मासेदोनियाची गोष्ट सांगतो: तिथली माणसं स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होती, तरी देण्यात भाग मिळावा म्हणून त्यांनीच आर्जव केलं. 'मागणारा' आणि 'देणारा' या आपल्या कल्पना इथे उलट्यापालट्या होतात. गरीबच विनवतोय, मला देऊ द्या म्हणून.

या दोन अध्यायांत मूळ ग्रीकमधला 'खारिस' हा शब्द दहा वेळा येतो. देवाची कृपा म्हणायची तरी खारिस, माणसांनी दिलेली देणगी म्हणायची तरी खारिस, देवाचे आभार मानायचे तरी खारिस. मराठीत आपण कृपा, अनुग्रह, उपकारस्तुती असे वेगवेगळे शब्द वापरतो. ते बरोबरच आहे, पण त्यामुळे एक गोष्ट हातातून निसटते. पौलाच्या डोक्यात हे सगळं एकच वाहतं पाणी आहे. देवाकडून करिंथला, करिंथहून यरुशलेमेला आणि तिथून उपकारस्तुतीच्या रूपाने परत देवाकडे. मध्ये कुणी धरण बांधून 'हे आमचं' म्हटलं की प्रवाह अडतो.

आठव्या अध्यायातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा शब्द मात्र 'समता' आहे, तेराव्या-चौदाव्या वचनातला. पौल स्पष्ट करतो की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं, असा हा हिशेब नाही. आज तुमच्याकडे जास्त आहे ते त्यांच्या गरजेला, उद्या त्यांच्याकडचं तुमच्या गरजेला. आणि दाखला देतो मान्नाचा, निर्गम १६ मधला. ज्याने जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडलं नाही. शिवाय साठवलेल्या मान्नाला किडे पडले होते, हे ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

समता म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली नाही. हे बोलायला सोपं आहे. आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासात हे किती अवघड गेलं, ते थोडं बघूया.

इंग्लंडमध्ये वाँटेज नावाचं एक छोटंसं बाजारगाव आहे. तिथल्या पॅरिश चर्चचे पाळक विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ साली कुमारी मरियेच्या नावाने भगिनींचा एक संघ सुरू केला. काम आधी गावातच होतं: शाळा आणि निराधार स्त्रिया. १८७०च्या दशकाच्या अखेरीस त्याच संघाच्या भगिनी पुण्यात आल्या. आज आपण गुरुवार पेठेतल्या ज्या पवित्र नाम देवालयाला पंचहौद चर्च म्हणतो, त्याच्या आसपास त्यांचं काम वाढलं. एका गावच्या चर्चची सेवा, आधी घरी, मग सातासमुद्रापार. 'पॅरिश मिशन'चं याहून सरळ उदाहरण शोधून सापडणार नाही.

याच भगिनींच्या ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमाला घेऊन वाँटेजला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तेव्हा प्रश्न निघाला की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का. हिंदुस्थानातल्या बिशपांना ते पसंत नव्हतं. रमाबाईंनी काय मानावं, कुणाचं ऐकावं, कुठे काम करावं याबद्दल त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून बराच वाद झाला. ही पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आहेत. भगिनींचं प्रेम खोटं नव्हतं, हे त्यांतून दिसतं. पण ज्यांनी आसरा दिला त्यांना वाटत होतं की आता दिशाही आम्हीच देऊ. रमाबाईंनी उपकार मानले, आणि विवेक मात्र गहाण ठेवला नाही. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. देणाऱ्याला घेणाऱ्याच्या विवेकावर हक्क मिळत नाही. मिळायला लागला की ते दान राहत नाही, पगार होतो.

आणि पुढे काय झालं? ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलेलं होतं. म्हणजे तेव्हाही पैसा बाहेरून आला. पण १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करायला रमाबाई स्वतः गेल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी उपासमारीत गमावले होते, त्यांना कुणी अहवाल पाठवायची गरज नव्हती. दौंड तालुक्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. तिथे शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता आणि तो चालवणाऱ्या बायकाच होत्या. रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं. घेणारा हात देणारा झाला. पौल ज्याला समता म्हणतो ती अशी दिसते.

आता भोरकडे. १८९३ मध्ये चार्ल्स रीव्ह नावाच्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' सुरू केलं. नावातच 'व्हिलेज' आहे. शहरात मिशनरी भरपूर, खेड्यात कोण जाणार, हा त्यामागचा विचार. तेव्हाच्या भोर संस्थानातलं नसरापूर हे त्यांच्या कामाचं एक मुख्य ठिकाण, आणि दुसरीकडे पंढरपूर. आज बनेश्वरला ट्रिपला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की याच नसरापूरसाठी कधीकाळी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळ्यांमध्ये प्रार्थना होत होती? १९६८ मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनबरोबर एकत्र झालं, आणि १९८९ मध्ये तो संघ एसआयएम या मोठ्या संस्थेत मिळाला. पाटी बदलली, लोक गेले. मंडळी मात्र इथल्याच माणसांची, ती इथेच राहते.

आपली माणसं नुसती घेतच बसली असं कुणी समजू नये. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती माणसं आपली, पैसा आपला आणि कारभारही आपला या तत्त्वावर. १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. घरात लक्ष्मीबाई होत्या, खर्च होते. एका कवीची लहर म्हणून याकडे बघू नका. पगार कुणाचा, यावरून ऐकणारे आपल्याला कुणाचा माणूस समजतात, हे टिळकांना चांगलं कळलं होतं.

आज बाहेरचा पैसा घ्यायचा तर एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावा लागतो. अनेक संस्थांचे परदेशी झरे आटलेत. काही जण हे संकट म्हणून सांगतात. मला वाटतं, पुण्यातल्या आयटीवाल्या विश्वासणाऱ्यांनी हे ऐकून आपला पे-स्लिप एकदा उघडून बघावा. मासेदोनियाकडे आपल्याएवढं नव्हतं.

आता वेल्हे. या तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय झालाय, पण आमच्या तोंडात वेल्हेच बसलंय. मागच्या वर्षी आमच्या ग्रुपमधले आम्ही पाच जण वाटपाच्या आधीच एका वाडीवर गेलो होतो, रिकाम्या हाताने, फक्त विचारायला. सरपंचताईंनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, "दादा, ब्लँकेटं यंदा तीन ग्रुपांनी दिली. पोरांना वह्या पण मिळाल्या. रात्री कुणी आजारी पडलं तर खाली न्यायला जीपचे पैसे नसतात, ते बघा. आणि दहावीनंतर पोरींना यष्टीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून घरी बसतात." शेजारी बसलेल्या आजींनी वेगळाच प्रश्न विचारला: "फोटू काढणार का रं? मग मी लुगडं बदलून येते." सगळे हसलो. पण त्या प्रश्नामागे किती वाटपं आणि किती फोटो असतील! निघताना त्याच आजींनी आमच्या बॅगेत दोन-तीन शेर नाचणी ओतली. नको म्हणायची सोय नव्हती. आमच्यातला एक जण गाडीत म्हणाला, "आपण आउटरीचला गेलो होतो की आपल्यालाच आउटरीच झाला?"

आणि पाण्याचं बघा. पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातली. तिथून पाणी खडकवासल्याला येतं आणि तिथून आपल्या सोसायटीच्या टाकीत. भोरचं भाटघर धरण इंग्रजांच्या काळातलं, त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जातं. धरणांच्या पोटात या खोऱ्यांतली शेतं आणि गावठाणं गेली. ज्या डोंगरावर पाऊस कोसळतो, तिथल्याच वरच्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका हंडे घेऊन चालतात.

आता रोम १५:२७ वाचा. यरुशलेमेला पाठवलेल्या वर्गणीबद्दल पौल तिथे 'ऋण' हा विचार आणतो. विदेश्यांना त्यांच्याकडून आध्यात्मिक दान मिळालं, तर ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणं हे यांच्यावर देणं आहे. आपल्याला वेल्ह्याकडून काय मिळतं? रोज सकाळी नळाला येतं ते. मग आपण तिथे जी पिशवी घेऊन जातो तिला 'दान' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. कर्जाचा हप्ता भरताना कुणी बॅनर लावून फोटो काढत नाही.

एक अवघड मुद्दा राहिला, तो टाळणार नाही. आमच्या मीटिंगमध्ये एकाने सुचवलं की प्रत्येक पिशवीत एक पत्रिका घालू, सुवार्ताही पोहोचेल. हेतू चांगला होता. पाळकसाहेबांनी नाही म्हटलं, आणि माझं मत त्यांच्याच बाजूने आहे. भीती हे कारण नव्हे. २ करिंथ ९:५ मध्ये पौल मनापासून दिलेली देणगी आणि दडपणाने काढलेली वर्गणी यांत फरक करतो. तिथे तो देणाऱ्यावरच्या दडपणाबद्दल बोलतोय, पण तोच नियम घेणाऱ्यालाही लावायला हवा. तांदळाच्या पिशवीत पत्रिका आली की आजींना वाटणार, तांदूळ घेतला म्हणजे आता यांचं ऐकायलाच हवं. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत एकच आला. उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं प्रभूने मागे घेतलं नाही. आपल्या विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर उघडपणे, आपल्या नावाने, तोंडावर सांगावं. लाज कसली? पण ते पिशवीला बांधू नये. संशयाच्या या दिवसांत तर नाहीच, आणि संशय नसता तरीही नाही.

हिशेबाचं थोडक्यात. ८:२०–२१ मध्ये पौल सांगतो की एवढी मोठी रक्कम हाताळताना कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, देवासमोर तर नाहीच, माणसांसमोरही नाही. म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू जातो. १ करिंथ १६ मध्येही पैसे नेणारी माणसं मंडळीनेच पारखायची आहेत. माझ्या धंद्यात याला दोन जणांचं अप्रूव्हल म्हणतात, त्याशिवाय कोड पुढे जात नाही. 'आपली माणसं आहेत, हिशेब कशाला' हे वाक्य आध्यात्मिक वाटतं, पण पौलाला ते पटलं नसतं. एका खजिनदाराच्या यूपीआयवर सगळी वर्गणी येत असेल तर ते या रविवारीच बदला. त्यात त्या खजिनदाराचंही भलं आहे.

आमच्या तरुण संघाने यंदा ब्लँकेटं रद्द केलीत. जीपसाठी एक छोटा फंड, दोन जणांच्या सहीने, पैसे कधी लागले ते सरपंचताई आणि तिथल्या आशाताई ठरवणार. आम्ही नाही. पोरींच्या प्रवासाचं अजून जुळलेलं नाही, डेपोत अर्ज दिलाय. दूरच्या सेवाकार्याचं पाकीट कमी केलेलं नाही. फोटो काढायचे नाहीत यावर ग्रुपमध्ये अजून मतभेद आहेत.

शेवटी एक गोष्ट, जी मला स्वतःला या आठवड्यात सारखी टोचतेय. एवढी पत्रं लिहून, एवढी माणसं पाठवून पौलाने वर्गणी गोळा केली. तरी रोम १५:३१ मध्ये तो प्रार्थनेची विनंती करतो की यरुशलेमेतल्या पवित्र जनांना ही सेवा मान्य व्हावी. म्हणजे ते घेतील की नाही, याची त्याला खात्री नव्हती! प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये तो तिथे पोहोचतो, बंधू आनंदाने भेटतात, पण वर्गणीचं काय झालं याबद्दल लूक तिथे एक शब्द लिहीत नाही. पुढे २४:१७ मध्ये पौल फेलिक्ससमोर आपली बाजू मांडताना आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो असं ओझरतं म्हणतो. बस, तेवढंच. आभाराचं पत्र नाही, अहवाल नाही. त्याच्यापुढे कैद होती.

उद्याचं वाचन: रोमकरांस पत्र १५:२५–३३. पेन घेऊन बसा, तिथे पौल तीन गोष्टी मागतो. त्यातली एक तरी त्याने मागितली तशीच मिळाली का, ते शोधा. उत्तर उद्या बोलू.